गावच्या विहिरीतले भूशास्त्र

भूशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाने मागे वळून आपली शाळा आठवली, तर तिथे त्याला भूशास्त्र सहसा सापडत नाही. गणितज्ञाच्या चरित्रात गणिताचे मास्तर हमखास भेटतात. भूवैज्ञानिक मात्र बहुधा दुसऱ्याच वाटेने निघालेला असतो आणि पदवीच्या वर्गात, कधी त्याही नंतर, त्याची दगडाशी गाठ पडते. याला आपण योगायोग म्हणून सोडून देतो. मला तो योगायोग वाटत नाही. भूशास्त्र हे निरीक्षणाचे शास्त्र आहे. त्याची नजर तयार व्हायला वर्षे लागतात, आणि ज्या वयात ती सहज तयार होऊ शकते त्याच वयात आपण मुलांकडून दगडांच्या व्याख्या पाठ करून घेतो. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असे तीन प्रकार, प्रत्येकाची दोन उदाहरणे, की प्रकरण संपले. महाराष्ट्राला ही पद्धत विशेष महाग पडते आहे, कारण इथले पाणी, इथले डोंगरउतार आणि इथली घरे यांचा संबंध पायाखालच्या खडकाशी फार थेट आहे. शाळेने मुलांना आपल्या शिवारातला खडक दाखवावा, पाचवी-सहावीपासून दाखवावा आणि पुस्तकाच्या आधी दाखवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दाराशॉ नोशेरवान वाडिया हे भारतीय भूशास्त्रातले सर्वांत मोठे नाव म्हणता येईल. १८८३ साली सुरतेत जन्मलेल्या वाडियांचे शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण सुरत आणि बडोद्यात झाले. त्यांची पहिली पदवी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांतली होती. भूशास्त्र त्यांच्या वाट्याला उशिरा आले, आणि तेही त्या काळच्या बडोदा कॉलेजात मिळेल तेवढेच. परदेशी पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९०७ मध्ये ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकवायला गेले आणि पुढची चौदा वर्षे तिथे मास्तर म्हणूनच राहिले. त्यांच्या कारकिर्दीचा पाया या चौदा वर्षांत घातला गेला, हे माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जम्मू शहर शिवालिक टेकड्यांच्या कुशीत आहे. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या या टेकड्यांत लाखो वर्षांपूर्वीच्या सस्तन प्राण्यांची हाडे सापडतात. वाडिया सुट्ट्यांमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन त्या टेकड्यांत जात. तिथेच त्यांना स्टेगोडॉन या हत्तीच्या नामशेष नातलगाचा लांबलचक सुळा मिळाला. भारताच्या भूशास्त्रावर विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगे, एका खंडात मावणारे नवे पुस्तक नाही, ही अडचण त्यांना शिकवताना जाणवत होती. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा ग्रंथ १८७९चा होता. १९१९ मध्ये वाडियांनी स्वतःच ते पुस्तक लिहिले आणि पुढे अनेक दशके देशभरचे विद्यार्थी त्यावर शिकले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ते दाखल झाले १९२१ मध्ये, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनी जे दाखवून दिले ते जगभर गाजले. हिमालयाच्या रांगा वायव्येला नंगा पर्वताजवळ एकाएकी वळतात. सरळ पुढे जाण्याऐवजी त्या जणू कशाला तरी वळसा घालून दक्षिणेकडे झुकतात. भारतीय द्वीपकल्पाच्या जुन्या, ताठर खडकाचा एक सुळका तिथे उत्तरेकडे घुसलेला आहे आणि हिमालयाच्या घड्या त्याभोवती वळलेल्या आहेत, असे वाडियांनी खडकांच्या नोंदींवरून मांडले. या मांडणीमागे पूंछ आणि काश्मीरच्या डोंगरांतली प्रचंड पायपीट होती, आणि त्या पायपिटीमागे जम्मूत विद्यार्थ्यांबरोबर घडलेली नजर होती. पुढे १९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. स्वतंत्र भारतात खनिजांच्या, विशेषतः अणुखनिजांच्या, शोधाचे काम त्यांनी उभे केले. डेहराडूनची हिमालयीन भूविज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. हे सगळे मानाचे टप्पे आहेत, पण त्यांची सुरुवात प्रयोगशाळेत झालेली नाही. ती झाली शाळा-कॉलेजच्या सुट्टीत पायी गाठता येईल अशा टेकडीवर.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी तिथे शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने चालते. धर्मप्रसार आणि अध्यापन हे त्यांचे काम. भूशास्त्राची पदवी किंवा नेमणूक त्यांच्याकडे नव्हती. तरीही सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपास हिंडून त्यांनी जे गोळा केले, त्यावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापला गेला. नागपूरजवळच्या टाकळीला काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये त्यांना गाळाचा पातळ थर दिसला, आणि त्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते. या साध्या निरीक्षणात केवढा अर्थ आहे पाहा. लाव्ह्याचा एक पूर आला, थिजला. त्यानंतर बराच काळ काही झाले नाही. खोलगट जागी तळे साचले, त्यात जीव वाढले, गाळ बसला. मग दुसरा पूर आला आणि त्याने तळे झाकून टाकले. दख्खनचे पठार एका दमात उभे राहिलेले नाही, त्यात शांततेचे मोठमोठे कालखंड आहेत, हे त्या शंखांनी सांगितले. चंद्रपूरकडच्या मांगली गावी मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन पुढे रिचर्ड ओवेन या नामांकित इंग्रज शास्त्रज्ञाने केले. पिसदुऱ्याच्या डायनोसॉरच्या हाडांपर्यंतही हिस्लॉप पोचले होते. १८६३ मध्ये टाकळघाट भागातली प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वाडिया आणि हिस्लॉप हे असामान्य लोक होते, अशांच्या आयुष्यावरून शाळेचा अभ्यासक्रम ठरवता येत नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. त्यांची चिकाटी असामान्य होती. परंतु त्यांना मिळालेली साधने मात्र अगदी सामान्य होती, आणि अभ्यासक्रम ठरतो तो साधनांवर. दोघेही शिक्षक होते. दोघांनी सुरुवात राहत्या जागेपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी केली. हातोडी, पिशवी, वही आणि एकच जागा पुन्हापुन्हा पाहण्याची सवय याखेरीज दोघांच्या हाती फारसे काही नव्हते. भौतिकशास्त्रातला मोठा शोध आज गावच्या शाळेत लागणार नाही, त्याला यंत्रे लागतात. भूशास्त्राचे प्राथमिक शिक्षण मात्र आजही त्याच हातोडी-वहीत होते, आणि ती प्रत्येक तालुक्याला परवडते.

दुसरा आक्षेप जास्त महाराष्ट्रीय आहे. वाडियांच्या जम्मूत हाडांनी भरलेल्या टेकड्या होत्या. आमच्याकडे इकडून तिकडे सगळा काळा दगड, त्यात मुलांना काय दाखवायचे? हा गैरसमज मुळापासून काढायला हवा. राज्याच्या चार पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट आहे हे खरे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि आज उरलेले त्याचे क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. पण हा लाव्हा थरावर थर असा साचला आहे, भाकरींच्या चवडीसारखा, आणि चवडीतली प्रत्येक भाकरी वेगळी आहे. थिजताना थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, म्हणून तो भाग सच्छिद्र झाला. पोटातला भाग सावकाश थंड होऊन घट्ट बसला. त्या छिद्रांत पुढे पांढरी, हिरवट, गुलाबी स्फटिके भरली तो आपला मांजऱ्या दगड. घट्ट भाग तो काळा पाषाण, ज्याला उभ्याआडव्या भेगा आणि सांधे असतात. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. खालच्या थराचा माथा उघडा पडून कुजला किंवा त्यावर राख-माती साचली आणि वरच्या तापलेल्या लाव्ह्याने ती भाजली, त्याची ती खूण आहे. कसारा, खंबाटकी, वरंधा अशा कोणत्याही घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यावर हे थर मोजता येतात. वाघोलीच्या खाणींत मिळालेली निळी कॅव्हनसाइटची स्फटिके जगातल्या संग्रहालयांत मानाने ठेवली आहेत. लोणारला एका अशनीने याच बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले. आघाताच्या दाबाने बदललेली खनिजे तिथल्या खडकात सापडली आणि १९७३ मध्ये ज्वालामुखीच्या जुन्या तर्काला पूर्णविराम मिळाला. याशिवाय कोकणात जांभ्याचे सडे आहेत, सिंधुदुर्गात आणि पूर्व विदर्भात बेसॉल्टहून कितीतरी जुने खडक आहेत, वर्धा खोऱ्यात कोळसा आहे. एकसुरी आहे ती आपली शिकवण्याची रीत.

आणि घाट, खाण, विवर यांतले काहीच जवळ नसेल तरी प्रत्येक गावात एक जागा असते: विहीर. नव्याने खोदलेल्या किंवा उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीच्या काठावर, सुरक्षित कठड्यामागे, वर्ग उभा करावा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे फुटका कातळ, मग अखंड पाषाण, असा क्रम गावागणिक बदलत जातो. पाणी कोणत्या थरातून पाझरते आहे हे डोळ्यांना दिसते. घट्ट बेसॉल्टच्या अंगात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते कुजलेल्या मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत, पाषाणाच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत साठते. ही साठवण तुटपुंजी आणि तुकड्यातुकड्यांची आहे. नदीच्या गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली दूरवर सलग पाणी असते, तसे इथे नाही. त्यामुळे एका शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडे लागत नाही, याचे कारण नशिबात शोधायची गरज उरत नाही. डोंगराच्या सोंडेवर एकाच उंचीला ओळीने झरे का फुटतात, हेही तिथेच उलगडते: पाणी झिरपू देणारा थर संपतो आणि खालचा घट्ट थर ते बाहेर ढकलतो.

हे ज्ञान नसल्याची किंमत शेतकरी कुटुंबे रोख पैशात मोजतात. विहिरीची जागा आजही अनेक ठिकाणी पाणाड्या हातावर नारळ धरून किंवा कडुनिंबाची काटकी फिरवून दाखवतो. पाणाड्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही. शिवाराची झाडे, उतार, जुन्या विहिरी यांचे त्याचे निरीक्षण कधीकधी चांगले असते. पण त्या निरीक्षणाचे श्रेय नारळाला जाते, आणि म्हणून ते तपासता येत नाही, सुधारता येत नाही, पुढच्या पिढीला देता येत नाही. पहिले बोअर कोरडे गेले की कर्ज काढून दुसरे, तेही कोरडे गेले की आणखी खोल. खोल भेगांतले पाणी एकदा लागले तरी तिथवर पावसाचे पाणी पोचायला वेळ लागतो, आणि शेजारच्या उथळ विहिरींचेही पाणी त्यात ओढले जाऊ शकते. भावाभावांतली आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतली कितीतरी भांडणे या न दिसणाऱ्या सांध्यांमधून निघालेली असतात.

डोंगरउतारांचेही असेच आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी: तिन्ही वस्त्यांवर दरड कोसळली. सह्याद्रीच्या उतारावर कुजलेल्या खडकाची आणि मातीची जाड साय असते. अतिवृष्टीत ती पाण्याने फुगते, जड होते आणि खालच्या घट्ट खडकावरून घसरते. शाळेतल्या चार तासांनी तिथली माणसे वाचली असती असे म्हणणे खोटेपणाचे होईल. वस्ती हलवायला जागा, पैसा आणि सरकार लागते. परंतु उतारावर पडलेली नवी भेग, वाकलेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा या गोष्टी पाहून धोका ओळखणारे कोणीतरी त्या वस्तीतलेच असावे लागते. मुंबई-पुण्यातला तज्ज्ञ पावसाळ्याच्या रात्री तिथे नसतो. भूकंपाचेही तेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुसंख्य माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली दबली. त्या आधी कित्येक महिने त्या भागात लहान धक्के बसत होते. १९६७ चा कोयनेचा भूकंप होऊन सव्वीस वर्षे होत आली होती, तरी अखंड समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या पठारालाही खोल भेगा असू शकतात ही समज शाळेतून घराघरांत गेलेली नव्हती.

अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, त्यात आणखी एक विषय कशाला, असे शिक्षक विचारतील तर त्यांच्याशी माझे भांडण नाही. नवा विषय नकोच. परिसर अभ्यास आणि भूगोल यांत खडकांना जागा आहेच. तिथल्या परिभाषेचे काही तास कमी करून वर्षातून दोनदा वर्ग शिवारात न्यावा. अकरावी-बारावीला भूशास्त्र हा स्वतंत्र विषय घेता येतो आणि बालभारतीने त्याची पुस्तकेही काढली आहेत, पण तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये थोडी आहेत आणि तो निवडणारी मुले त्याहून थोडी. ज्याने दहावीपर्यंत खडक निरखून पाहिलेलाच नाही, त्याने तो अकरावीत निवडावा तरी का?

नोकरीचा प्रश्न पालक विचारणारच, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. भूशास्त्रात सरकारी जागा मर्यादित आहेत. केंद्रीय सर्वेक्षणासाठी लोकसेवा आयोगाची अवघड परीक्षा आहे. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. नागपूरला कोळसा आणि मँगनीजच्या मोठ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालये आहेत. धरणे, बोगदे, मेट्रो यांना भूवैज्ञानिक लागतातच. तरीही वर्गातल्या चाळीस मुलांपैकी फार तर एखादेच या वाटेने जाईल. तेवढ्या एकासाठी बाकीच्यांना का राबवायचे, या प्रश्नाचे उत्तर बाकीच्यांच्या आयुष्यात आहे. ती मुले पुढे सरपंच होतील, कंत्राटदार, तलाठी, इंजिनिअर होतील, शेती करतील, घर बांधतील. बोअर किती खोल मारायचे, पाझर तलाव कोणत्या खडकावर बांधायचा, डोंगर किती कापायचा हे निर्णय महाराष्ट्रात भूवैज्ञानिक घेत नाहीत, हीच मंडळी घेतात. आणि त्या एखाद्या मुलाबद्दल बोलायचे तर ते मूल मुलगी असेल, हेही धरून चालावे. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करण्यास मनाई होती. ती अट सैल झाली २०१९ मध्ये. सुदीप्ता सेनगुप्ता मात्र १९८३ मध्येच भूवैज्ञानिक म्हणून अंटार्क्टिकावर गेल्या होत्या. कायदा सैल झाला तरी, लहानपणी डोंगरावर न नेलेली मुलगी हे शास्त्र कशी निवडणार?

सगळ्यांत अवघड आक्षेप शेवटचा आहे: शिक्षकांनाच हे येत नाही. खरे आहे, आणि दोष त्यांचा नाही, कारण त्यांच्या डी.एड., बी.एड.मध्येही हे नव्हते. पण हे ज्ञान पदवीशिवाय पोचवता येते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही संस्था कित्येक वर्षे भूशास्त्र न शिकलेल्या कार्यकर्त्यांना आणि गावकऱ्यांना भूजलाचे शिक्षण देत आली आहे. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या रणदुल्लाबादच्या लोकांनी आपल्या गावाखालचे थर समजून घेतले आणि त्यावरून शेतीसाठी बोअर न मारण्याचा, विहिरींचे पाणी वाटून घेण्याचा निर्णय केला. हिवरेबाजारने पावसाच्या आणि विहिरींच्या नोंदीवर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. या गावांना जे प्रौढपणी जमले ते मुलांना अधिक लवकर जमेल. शिक्षकाला सुरुवातीला एवढेच करायचे आहे की एक विहीर निवडायची, तिचे थर वहीत काढून घ्यायचे, जिल्ह्याच्या भूजल कार्यालयातल्या किंवा जवळच्या कॉलेजातल्या माणसाला एकदा बोलावून ते तपासून घ्यायचे, आणि मग दोरी-टेप घेऊन पाण्याची पातळी मोजायला लावायची. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. शाळेनेही तेच महिने धरावेत, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. मेची मोजणी सुट्टीत येते, ती गावातच राहणाऱ्या मुलांकडे सोपवावी. वही वर्गाबरोबर वर न नेता शाळेतच ठेवावी, पाचवीने सहावीकडून ती घ्यावी. दहा वर्षांनी त्या गावात बोअर मारायचे की नाही यावर ग्रामसभा बसेल तेव्हा चाळीस मोजण्या तिच्यासमोर असतील, आणि त्या घेणारी काही मुले तोवर मतदार झालेली असतील.